रुळावरचा हात

ही गोष्ट २०४१ सालची. नाशिकच्या एका प्रयोगशाळेत, लांबलचक दगडी ओट्यावर, खेळण्यातल्या आगगाडीचा निळ्या प्लॅस्टिकचा रूळ मांडला होता. अंडाकृती, एका बाजूला आखूड वळण असलेला. शेजारच्या स्टुलावर मेघना टिपणीस हात मांडीवर ठेवून बसली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इथल्या रसायनांचा वास तिला माहेरच्या वासासारखा वाटे.

हा रूळ तिनंच एके काळी जिवंत केला होता. निहार तेव्हा आठ वर्षांचा. त्याच्या इंजिनाच्या पोटातले सेल सारखे संपत आणि घरात आकांत होई. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, म्हणून मेघनानं दोन्ही रुळांवर तांब्याची पातळ पट्टी चिकटवली. नुसती पट्टी चाकांनी खरवडून निघाली. मग तिच्यावर प्रयोगशाळेत नव्यानं बनत असलेला वीजवाहक लेप दिला, सेल काढून इंजिनाला पितळी चाकं बसवली आणि वेगासाठी रेडिओसारखं फिरवायचं बटण जोडलं. निहारनं ते पहिल्याच दिवशी पार शेवटपर्यंत पिळलं. गाडी वळणावर उडाली ती थेट कपाटाखाली.

“आई, ही तर राजधानी आहे!”

वर्षभरात डेंग्यूनं निहार गेला. तेरावं झालं त्या दिवशी हेमंतनं, तिच्या नवऱ्यानं, रूळ ट्रंकेत भरून माळ्यावर टाकला. तो रडला नाही. मुलाचं नाव काढलं की उठून जाई. मेघना त्यावरून भांडली नाही, पण तिनं ते कधी माफही केलं नाही. पुढचा संसार सरकारी कचेरीतल्या दोन टेबलांसारखा चालला.

“पुन्हा सांग,” मेघना आता म्हणाली. “माझा विश्वास बसेल असं सांग.”

सलमा मुकादम तिची जुनी विद्यार्थिनी, आता या प्रयोगशाळेची प्रमुख. तिनं खुर्ची जवळ ओढली.

“बाई, तुमचा तो लेप नुसती वीज वाहत नाही, लक्षातही ठेवतो. चाक जिथं टेकतं, तिथंच लेपातून वीज जाते. जिथं जास्त गेली तिथली वाट रुंद होते, कमी गेली तिथली अरुंद. पायवाटेसारखं. निहारनं बटण जसं फिरवलं, तसं रुळावर उमटलेलं असणार. आपण आज वीज एकसारखी ठेवायची. तरी गाडी त्याच्या चालीनं धावेल.”

“आणि वेगळ्या चालीनं चालवली तर?”

“जुनी वाट बुजते. लेपात शेवटचा हात राहतो. पण शेवटचा हात निहारचाच ना?”

“त्याच्यानंतर ट्रंक उघडली नाही कोणी.”

सकाळी ती ट्रंक उतरवताना हेमंत शिडी धरून उभा होता. तिनं त्याला हेच सगळं समजावलं होतं. शेवटच्या हाताचंही.

“राहू दे ना, मेघना,” तो म्हणाला होता. “काही नसेल त्यात आता.”

“तुला काय त्याचं!” ती म्हणाली होती.

सलमानं वीज सोडली. इंजिन कुरकुरलं आणि निघालं. वळण जवळ आलं तसं मंदावलं, आणखी मंदावलं, आणि वळणाआधी चक्क थांबलं.

“बिघडलं का गं?”

“नाही, बघत राहा. इथली वाट फार अरुंद आहे. हळूहळू वीज मुरतेय. पुरेशी रुंद झाली की निघेल.”

गाडी निघाली. वळण अलगद घेतलं, पलीकडे वेग धरला. मेघनानं पदरानं डोळे टिपले.

“अजून दोन फेऱ्या,” सलमा म्हणाली. “तीन मापनं घेतल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. तुम्हीच कान पिळून शिकवलंत.”

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. गाडी दर वेळी वळणाआधी थांबली. मेघनाच्या कपाळावर आठी पडली.

“सलमा, निहार वळणावर थांबायचा नाही. थांबणाऱ्याला हसायचा तो. हेमंतची स्कूटर वळण आलं की मेलीच समज. रस्ता मोकळा असला तरी पाय टेकून, दोन्हीकडं बघून मग हा निघणार. निहार मागं बसून ओरडायचा, ‘बाबा, बैलगाडी!’ आणि...”

ती बोलता बोलता थांबली.

सलमानं पडद्यावरची रेघ जवळून पाहिली. “ही एकदोन दिवसांची चाल नाही, बाई. कोणीतरी वर्षानुवर्षं चालवलीय.”

हेमंत भूगोलाचा मास्तर, शाळा सकाळची. बाराला तो घरी असे; मेघना यायची ती दिवेलागणीला. मधली दुपार त्याची एकट्याची. आज सकाळी माळ्यावरच्या सगळ्या सामानावर बोटभर धूळ होती. ट्रंकेवर नव्हती, हे तिला आत्ता आठवलं.

“मग निहार? खाली कुठं तरी असेल ना तो?”

“खाली काही उरत नाही, बाई. पाटीवर पुसून लिहावं तसं आहे हे.” एवढं बोलून सलमाचा चेहरा उतरला. ती पडद्याकडे बघतच राहिली. “या अल्ला! बाई, मी काय केलं हे! गाडी थांबते तेव्हा तिथली वाट रुंद होत असते. म्हणजे ते थांबणंच पुसलं जातंय. तिसऱ्या फेरीत निम्मंसुद्धा उरलं नाही. नमुने तपासताना मी मुंगीएवढी वीज सोडायचे; इंजिनाला हत्तीएवढी लागते.”

मेघनानं हात लांब करून वीज बंद केली.

घरी हेमंतनंच दार उघडलं. तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, “होता का?”

सकाळचं ‘राहू दे’ तिला तेव्हा उमगलं.

“होता,” ती म्हणाली. “भरधाव. वळणावर उडालीच गाडी. सलमानं झेलली म्हणून वाचली.”

हेमंत चपलांच्या फळीवरच बसला. “उडायचीच. कधी ऐकलंय का त्यानं कोणाचं?” असं म्हणाला आणि रडला, इतक्या वर्षांचं रडला. मेघना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

हेमंत पुढच्या थंडीत गेला. खरं त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सलमाचा त्या लेपावरचा निबंध गाजला. त्यात या रुळाचा उल्लेख नाही. मेघना मात्र रूळ घरी घेऊन आली आणि रोज दुपारी जेवण झाल्यावर मांडू लागली. बटण पिळून निहारसारखी गाडी तिला पळवता आली असती. ती वळणाआधी वेग कमी करी, थांबवी, पलीकडे कोणी येत नाही ना असं पाहिल्यासारखी क्षणभर थबके आणि मग सोडी. प्रत्येक फेरीत आपला हात हेमंतच्या हातावर चढतोय, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? हेमंतची जेवढी चाल उरली होती, ती पहिल्या काही महिन्यांतच बुजली असणार. तरी ती आठ वर्षं चालवत राहिली आणि एका दुपारी खुर्चीतच गेली.

सामान आवरायला सलमा आली. तिनं रुळाला एकसारखी वीज दिली. गाडी वळणाआधी थांबली, दोन्हीकडं बघितल्यासारखी उभी राहिली आणि निघाली. ते थांबणं कोणाचं, हे कुठल्याही यंत्राला सांगता आलं नसतं.

सलमानं दुसरी फेरी घेतली नाही.