नस गप्प झाली तेव्हा

दार लोटून घे, अलिना, वारा आत येतोय. आणि अफान, तो मोबाईल पालथा घाल, उजेड थेट माझ्या डोळ्यांत मारतोस. लाइट गेली तर गेली. तिच्या नावानं बोंबललं म्हणून ती यायची नाही.

नबील, तू उद्या नवी मुंबईला निघालास म्हणे. ऑपरेशनच्या वेळी नसांवर नजर ठेवायचा कोर्स. चांगलं आहे. एसीत बसायचं, अंगाला चिखल नाही, पगार बरा. तुझी अम्मी सगळ्या मोहल्ल्यात सांगत सुटलीय. मग जाण्याआधी धनेशचं ऐकून जा. धनेश म्हणजे रेवदंड्याच्या अंबाजीचा मुलगा. अंबाजीनं आणि मी अख्खी नोकरी एका एसटीत काढली, तो कंडक्टर, मी ड्रायव्हर. त्याचं पोर माझ्या मांडीवर मुतलेलं आहे, तेव्हा ही काही ऐकीव गोष्ट नव्हे.

गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. धनेश संध्याकाळच्या रो-रो बोटीनं गाडीसकट मांडव्याला उतरला. काम साधंच होतं. सकाळी अलिबागला एका खासगी दवाखान्यात गळ्याचं ऑपरेशन होतं, त्यासाठी मशीन घेऊन यायचं. रात्री रेवदंड्याला आईच्या हातचं जेवायचं, सकाळी उठून अलिबाग गाठायचं. मशीन मागच्या सीटवर पेटीत बंद. त्याच्याजवळ उद्याच्या पेशंटच्या घशात घालायची नळी, कंपनीच्या सीलबंद, पारदर्शक पाकिटात. आजवर दुसऱ्यांची कामं केली, उद्याचं पहिलं काम त्याच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मशीनवर. स्वारी खुशीत होती. जेट्टीवर चहा घेतला, आईला फोन केला आणि शीळ घालत निघाला.

आता हे मशीन करतं काय? गळ्याची गाठ काढतात ना, तिथंच आवाजाची नस चिकटून असते, दोन्ही बाजूंना एकेक. तिला इजा झाली की आवाज गेला. म्हणून घशात तारांची नळी घालतात आणि तारा मशीनला जोडतात. सर्जन एका काडीच्या टोकानं नसेला शिवतो, आणि मशीन बोलतं. टक… टक… टक. म्हणजे नस जिवंत आहे. धनेशनं पडद्यासमोर बसून तेवढं बघायचं.

तिथवर पोहोचायला त्यानं कमी खस्ता खाल्ल्या नाहीत. आधी डिप्लोमा, मग ईसीजीच्या पट्ट्या काढणं, मग मृणालमॅडम म्हणून त्या कामातल्या जुन्या बाई होत्या, त्यांच्या मागं स्टुलावर बसून वर्षभर नुसतं बघणं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नस बोलतेय तोवर आपण गप्प बसायचं. नस गप्प झाली की आपण बोलायचं. समोर देव उभा असला तरी."

सांगायला काय जातं! एकदा खरंच मशीन गप्प झालं. धनेशनं ओरडून सर्जनला थांबवलं. सगळे हात वर करून उभे. निघालं काय, तर घशातली नळी जराशी फिरली होती, नस आपली ठणठणीत. सर्जन मोठा माणूस. सगळ्यांदेखत म्हणाला, "हा काय मासळी बाजार वाटला तुला? पुन्हा असा बोंबललास तर इथं दिसायचा नाहीस." आणि धनेशची पक्की नोकरी त्याच माणसाच्या सहीवर अडकलेली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पुढच्या ऑपरेशनला बसताना धनेशनं मशीनचा आवाजच बारीक करून ठेवला.

ते पुढचं ऑपरेशन केसरचं होतं.

केसर म्हणजे रेवदंड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायची ती. तुम्ही ऐकलंच नाही तिला. अरे, काय आवाज होता बाईचा! ती धक्क्यावर पुकारायची आणि माझ्या एसटीत, इंजिन चालू असताना, ऐकू यायची. नवरा दर्यात गेला, दोन पोरी तिनं त्या आवाजावर वाढवल्या. गळ्याला गाठ झाली तेव्हा ती मुद्दाम धनेशच्या हॉस्पिटलात गेली, गावचं पोर तिथं आहे म्हणून. टेबलावर झोपताना तिनं त्याचा हात धरला.

"धन्या, तू हाईस ना आत? मग मना कसला भ्याव!"

एका बाजूची नस गप्प झाली. धनेशनं बघितलं. पडद्यावरची रेघ सपाट. एक नस गेली की तिथंच थांबायचं, दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही, हे त्याला झोपेतही पाठ होतं. एका नसेवर माणूस बोलतो, घोगरं का होईना. पण त्याच्या मनात आलं, नळी फिरली असेल. त्या दिवसासारखीच. त्याच सर्जननं मान वर न करता विचारलं, "काय रे, काही आहे का?"

"काही नाही, सर."

सर्जन दुसऱ्या बाजूला वळला. ती नसही गेली.

केसर शुद्धीवर आली ती मुकी. श्वास कोंडायला लागला म्हणून गळ्याला भोक पाडलं. तिच्या पोरी धनेशच्या पाया पडल्या, "दादा, मशीननं काय सांगितलं नव्हतं का?" धनेशनं मिठाची गुळणी धरली. थोड्याच दिवसांत नोकरी पक्की झाली, मग कर्ज काढून मशीन, मग गाडी. आणि केसर गळ्याला पदर गुंडाळून धक्क्यावर नुसती बसून राहायची. तिथं लिलाव आता दुसरी बाई पुकारत होती. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, दिवेलागणीला, तिचा पाय घसरला आणि ती खाडीत पडली. जवळच माणसं जाळी विणत बसली होती. गप्पा मारत होती. तिला हाक मारता आली नाही. ओहोटीनं नेली बाईला. मला अजून राग येतो रे! एक हाक… एकच हाक पुरली असती.

असो. तर तो गुरुवार.

हे मागचं-पुढचं सगळं त्यानंच मला मोबाईलवर टाइप करून दाखवलं. का, ते कळेल.

अलिबाग मागं पडलं, नागाव गेलं. चौलच्या वाड्यांत रस्ता अरुंद होतो. दोन्हीकडे नारळी-पोफळी, वर आभाळ दिसत नाही. तिथं त्याला ऐकू आलं.

टक.

त्याला वाटलं, काचेवर काही पडलं.

टक… टक…

शीळ थांबली. हा आवाज तो झोपेतही ओळखेल. त्यानं गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडलं, पेटी उघडली. मशीन बंद. वायर गुंडाळलेली. पडदा काळा.

टक… टक… टक…

त्यानं मशीनला कान लावला. तिथून येत नव्हता आवाज. जवळून येत होता. फार जवळून. त्यानं हात गळ्याला लावला… आणि हात तसाच राहिला. प्रत्येक 'टक'ला गळा आतून उडत होता.

तो गाडीत बसला. दार ओढलं. चावी फिरवली. गाडी सुरू झाली. मासळीचा वास आला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी. त्यानं आरशात बघितलं.

मागच्या सीटवर कुणीतरी बसलं होतं. ओलं. गळ्याला पदर.

पदराखालून श्वास येत होता… फुस… फुस…

"केसरमावशी…"

एक बोट पुढं आलं. थंडगार. त्याच्या गळ्याला शिवलं.

टक.

तिला घाई नव्हती. बोट उचलायची. पुन्हा ठेवायची. टक. रेवदंडा आलं. बंदराकडच्या वळणावर तिचं घर. दिवा होता. पोरी जाग्या होत्या, उंबऱ्यात बसून भांडी घासत होत्या. बोट जोरात रुतलं. टक, टक, टक, टक…

धनेशला कळलं. अगदी नीट कळलं. नस अजून बोलतेय, म्हणजे वेळ आहे. थांबायचं, उतरायचं, पोरींना सांगायचं… मशीननं सांगितलं होतं, मी बोललो नाही. एवढंच. पण उद्याचं काम? पहिलं काम, स्वतःच्या नावावरचं? गावात कळलं तर मशीन कुठल्या दवाखान्यात नेणार?

त्यानं पाय दाबला. दिवा मागं गेला.

घर आलं. मागं वळून बघितलं. सीटवर पाण्याचा ओघळ, बाकी कुणी नाही. गळा मात्र उडतच होता. टक… टक… आता सावकाश. त्याच्या आईनं, जनीनं, दार उघडलं आणि ती घाबरलीच.

"काय झाला रं, धन्या? कोन दिसला तुला?"

तो उंबऱ्यात उभा. टक… आई समोर. टक… आईला सांगितलं तरी चाललं असतं.

टक…

"काही नाही," धनेश म्हणाला.

आणि आवाज थांबला.

तेच त्याचे शेवटचे शब्द. त्यानंतर धनेश बोललेला नाही. आईनं ताट वाढलं, तर तोंड उघडतंय आणि आवाज नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली. दोन्ही नसा मेलेल्या. ना जखम, ना गाठ, ना व्रण. मशीन विकलं, गाडी विकली. ज्याला बोलण्याचाच पगार होता, त्याला कोण ठेवणार? आता धक्क्यावर बसून असतो. तिच्याच जागेवर. तिच्या पोरी समोरून जातात, त्याच्याकडे बघतही नाहीत.

काय, नबील? तोंड का उतरलं?

"चाचा… त्यानं पोरींना आता तरी सांगितलं का? टाइप करून?"

मी सांगितलं होतं त्याला, बाबा रे, आता तरी. मोबाईल हातात घेतला त्यानं. बराच वेळ धरून बसला. मग खिशात घातला.

आणि ते नळीचं सीलबंद पाकीट… ते अंबाजीनं ठेवलंय. फेकायची त्याची छाती होत नाही. मी कंदिलासमोर धरून बघितलं, उलटसुलट करून बघितलं. सील कंपनीचंच आहे, कुठं टोचलेलं नाही, फाटलेलं नाही. आत नळीला माशाचा एक खवला चिकटलाय.

परवाही बघून आलो. खवला अजून ओला आहे.