बाहीतल्या टाचण्या

ही गोष्ट मी ऐकलेली नाही. माझ्यासोबत घडली आहे. आणि रात्री नाही, भर दुपारी घडली. तुमचा विश्वास बसला नाही तर माझी तक्रार नाही.

ब्लॅक रॉकच्या वाळवंटात उन्हाळा संपता संपता आमचा उत्सव भरतो. गाणी, नाच, लाकडाचे मोठाले पुतळे. आठवड्याचं गाव वसतं आणि उठतं. तिथे काही विकायचं नसतं. ज्याला जे येतं ते त्याने फुकट द्यायचं.

माझी बायको मार्लिस तिथे कपडे शिवून द्यायची. घरची पायमशीन आम्ही ट्रकमध्ये घालून न्यायचो. तिथे सगळ्यांना टोपणनावं असतात. तिला 'बॉबिन' म्हणायचे, मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळावरून.

दोन वर्षांपूर्वीचा गुरुवार. तिथून हे सुरू झालं.

दुपारी माझ्या कोटाची डावी बाही खांद्यात उसवली. मार्लिसने कोट माझ्या अंगावरच टाचायला घेतला.

"हलू नकोस, टोचेल," ती म्हणाली. "चौतीस वर्षं झाली लग्नाला, अजून तुला दोन मिनिटं नीट उभं राहता येत नाही."

तेवढ्यात तिला आठवलं, एका ढोलवाल्याची पँट पोचवायची राहिली होती. त्याचा कार्यक्रम चारला होता.

"आले की बाहीला टीप मारते. टाचण्या काढू नकोस हं. माझ्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या यात गेल्यात."

ती सायकलवर बसून गेली. पंधरा मिनिटांनी धूळ उठली.

आमच्याकडची धूळ उठली की हात लांब केला तरी पंजा दिसत नाही. शेजारच्या तंबूत ऑगी होता. तो सगळ्यांना कॉफी पाजतो. मी त्याच्याकडे जाऊन बसलो.

"बॉबिनला धूळ अडवणार?" तो म्हणाला. "धुळीलाच दोन टाके घालून येईल ती."

मी हसलो.

पाच वाजता धूळ खाली बसली. आधी सायकल आली.

दोन स्वयंसेवक ती हाताने ढकलत आणत होते. पँट टोपलीत तशीच बांधलेली होती. त्यांनी माझं नाव विचारलं आणि मला बसायला सांगितलं.

मार्लिसचं हृदय बंद पडलं होतं. धुळीत ती सायकलला टेकून बसलेली सापडली. लोक दहा पावलांवरून गेले असतील. कुणाला दिसली नाही.

पुढच्या वर्षी मला जायचं नव्हतं. पण गेलो. एका कामासाठी.

तिथे लाकडाचं एक देऊळ उभारतात. देव नसतो त्यात. लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या वस्तू आणून ठेवतात. शेवटच्या दिवशी देऊळ जाळतात, तेव्हा एवढं गोंगाट करणारं गाव गप्प बसतं.

मी तो कोट तिथे ठेवणार होतो.

मशीन नेली नाही. ती आमच्या गावी, फर्नलीला, घरच्या गॅरेजमध्ये चादरीखाली होती. आमची नेहमीची जागा ऑगीने कुणाला दिली नव्हती. चार खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. मी माझं अंथरूण त्याच्याच तंबूत टाकलं.

गुरुवारी दुपारी देवळात गेलो. दारातल्या बाईने कोट हातात घेतला, चाचपला आणि म्हणाली, "टाचण्या काढून द्या, दादा. लोखंड जळत नाही. राखेत राहतं, मग आमच्या कुणाच्या तरी पायात जातं."

बरोबर होतं तिचं.

मी पहिली टाचणी चिमटीत धरली...

नाही जमलं. टाचण्या काढल्या की बाही गळून पडणार. मार्लिसने माझ्यासाठी शेवटचं जे केलं, ते माझ्याच हाताने उसवायचं?

कोट घेऊन परत फिरलो. तंबूत पाय टाकला आणि बाहेर धूळ उठली.

ऑगी कॉफी ओतत होता. माझ्या हातातला कोट पाहून त्याने माझ्यासाठीही पेला काढला.

थोड्या वेळाने वारा जरा पडला.

आणि ऐकू आलं...

खट् खट् खट् खट्.

पायमशीन.

मी चौतीस वर्षं तो आवाज ऐकलाय. लांब टीप, मग थांबणं. कापड वळवायचं. दोन छोटे टाके. पुन्हा लांब टीप.

आवाज दोरी बांधलेल्या जागेतून येत होता.

पुन्हा कॉफी ओतताना ऑगीचा हात तसाच थांबला होता. कॉफी पेल्यावरून वाहून त्याच्या बुटांवर पडत होती.

"जनरेटर असेल कुणाचा," तो म्हणाला.

मी तंबूचा पडदा उचलला. बाहेर सगळं पांढरं होतं. मी हाक मारली, "मार्लिस..."

आवाज थांबला.

पुन्हा सुरू झाला नाही.

धूळ बसल्यावर पाहिलं. चार खुंट्या. दोरी. मध्ये नुसती धूळ.

आम्ही दोघे तिथेच उभे होतो. एक मुलगी आली, वीस-बावीस वर्षांची. तिचं तिथलं पहिलंच वर्ष होतं. मार्लिसला तिने कधी पाहिलेलं असणं शक्य नव्हतं.

"काका, इथल्या शिवणाऱ्या काकू कुठे गेल्या?" तिने विचारलं. "धुळीत माझा घागरा सायकलच्या चाकात अडकून फाटला. त्यांनी मला आत बसवलं आणि शिवून दिला. घाईत आभार मानायचे राहिले."



मी तिच्याकडे घागऱ्याचा काठ मागितला. आतून उलटवून पाहिला. घागरा लाल होता. शिवणीच्या टोकाला तीन छोटे निळे टाके होते.

मार्लिस प्रत्येक कपड्यात आतून ते टाके घालायची. कुणाला दिसू नयेत असे.

"काही बोलल्या का त्या?" मी विचारलं.

"टाचण्या नाहीत म्हणाल्या. कापड हातानेच धरून शिवलं त्यांनी. मी म्हटलं, कुठून आणून देऊ का? तर म्हणाल्या, नको. माझ्या सगळ्या एका कोटात अडकल्यात. तो काढेल तेव्हा काढेल. मी थांबते."

मुलगी कोटाकडे बघत होती. कोट माझ्याच खांद्यावर होता.

उत्सव संपल्यावर आम्ही थोडे जण सफाईला थांबतो. हाताच्या अंतरावर रांग करून चालायचं आणि जमिनीवर दिसेल ते उचलायचं. चमकी, खिळा, केस. ज्याच्या जागेवर कचरा सापडतो, त्याची जागा नकाशावर पिवळी नाहीतर लाल होते. आमची चौदा वर्षं हिरवी होती. मार्लिस रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून धागे वेचायची.

त्या वर्षी आमच्या जागेवर कुणी राहिलंच नव्हतं.

रांग दोरीपाशी आली. ऑगी माझ्या डावीकडे होता. तो वाकला...

निळ्या धाग्याचे तुकडे. कातरीने नुकतेच कापल्यासारखे.

त्यांच्या भोवती कडक मातीत चार खळगे होते. मशीनचे चार पाय जेवढ्या अंतरावर असतात, तेवढ्या अंतरावर.

ऑगीने एकेक तुकडा उचलून बादलीत टाकला. नकाशावर आमची जागा पिवळी झाली.

घरी आल्यावर मी आधी गॅरेजमध्ये गेलो. चादर होती तशीच होती. मशीनमधली बॉबिन काढून पाहिली. निळा दोरा होता. किती उरला होता ते मला आधी ठाऊक नव्हतं, त्यामुळे काही सांगता येत नाही.

ही गोष्ट मी आमच्या मुलांना सांगितलेली नाही.

मला एवढंच कळतं की माझ्यामुळे ती त्या धुळीत थांबली आहे. आणि हेही कळतं की टाचण्या दिल्या तर ती थांबणार नाही.

आता पुन्हा ऑगस्ट आलाय. ऑगीचा दोनदा फोन आला. जागा ठेवू का, विचारत होता. ठेव म्हटलं.

कोट दारामागे खुंटीवर आहे. टाचण्या अजून काढलेल्या नाहीत.