ब्रिजेट आंटीचा रोल

शनिवारी दुपारी तीनला मेकअपचा डबा घेऊन मी पार्लरमधून निघायचे. कांजूर गावात, चर्चमागच्या गल्लीत ब्रिजेट आंटीचं घर. काम साधंच होतं. तिच्या चेहऱ्यावर म्हातारीचा मेकअप करायचा, आरसा दाखवायचा, मग सगळं पुसून परत यायचं. जूनपासून दर शनिवारी मी हेच करत होते.

आणि ते सगळं खोटं होतं.

आमच्या गावात हौशी मंडळींचा नाटकाचा ग्रुप आहे. दर हिवाळ्यात तीन नाटकं, चर्चच्या हॉलमध्ये. रिचर्डसर दिग्दर्शक, मी मेकअपला, आणि ब्रिजेट आंटी तीस वर्षं स्टेजवर. तिचा नवरा रोझारिओ मास्तर. शाळेत शिकवायचा. वारायच्या आधी त्याने स्वतःच्या हाताने एका वहीत नाटक लिहून ठेवलं होतं. एका आंधळ्या कोळणीचं. ती माणसांना चेहऱ्यावरून बोटं फिरवून ओळखते. शेवटी बरीच वर्षं परागंदा झालेला मुलगा घरी येतो. ती त्याचा चेहरा चाचपते आणि म्हणते, "हा माझा नाही."

रिचर्डसरांना ते नाटक हवं होतं. आंटीची एकच अट होती, "कोळीण मी करणार." सर हो म्हणाले, वही घेऊन गेले, आणि त्याच आठवड्यात तो रोल त्यांनी भाचीला, वेन्डीला दिला. कारण आंटीच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, तीन महिने.

"तिला सांगायचंच कशाला?" सर मला म्हणाले. "सीझन येईपर्यंत ती कुठे असणारे? तू जा दर शनिवारी, मेकअपची ट्रायल घे. तिलाही बरं वाटेल."

माझं पार्लर सरांच्या घराच्या पुढच्या खोलीत. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

आंटी उशीला टेकून बसायची. मी सुरकुत्यांच्या रेषा काढायचे, ती डोळे मिटून वाक्यं म्हणायची. मध्येच विचारायची, "पोरी, बाकीच्यांची तालीम कशी चाललीय?" मी म्हणायचे, "तुमच्यासाठी थांबलेत, आंटी." हॉलमध्ये परत आले की सर विचारायचे, "काय म्हणते आपली हिरॉईन?" मी तिची नक्कल करायचे. सगळे हसायचे. वेन्डीसुद्धा.

पण औषध लागू पडलं. ऑक्टोबरमध्ये आंटी उठून बसली. आणि एका रविवारी, चर्चनंतर, काठी टेकत एकटीच हॉलमध्ये आली.

स्टेजवर वेन्डी कोळीण होऊन उभी होती. आंटीने अख्खा प्रवेश उभ्याने पाहिला. कोणी हललं नाही. मग तिने सरांकडे पाहिलं.

"रिचर्ड... हा माझा रोल ना रे?"

सरांना जरा तरी लाजल्यासारखं होईल असं मला वाटलं होतं. ते उलट चिडले. "ब्रिजेट, खरं सांगू? आम्ही धरून चाललो होतो की तू जाणार. आता तू नाही गेलीस त्याला मी काय करू?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. आंटीची नजर माझ्यावर आली, आणि तिथेच राहिली. मी ब्रश पुसत बसले.

आठव्या दिवशी ती गेली. आजाराने नाही. झोपेत, हार्ट बंद पडून.

तिची बहीण मॉनिका मला बोलवायला आली. "ब्रिजेट सांगून गेलीय. मेकअप तूच करायचा. नाटकातला."

"पेटीत... म्हातारीचा मेकअप?"

"तिची इच्छा," मॉनिका म्हणाली, आणि पाद्रींना भेटायला निघून गेली.

चारला अंत्ययात्रा होती. खोलीत मी आणि पेटी. खिडकीला पांढरा पडदा. वारा फिरला होता, डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास आत आला होता. त्यात मेणबत्त्या आणि निशिगंध. आंटीच्या हातात जपमाळ गुंडाळलेली. मी नेहमीसारखी सुरुवात केली. आधी तपकिरी बेस. कातडी गार होती, पण रंग लगेच धरला. शनिवारी कधी इतका छान बसला नव्हता. कपाळावरच्या रेषा झाल्या. ओठांच्या कडेच्या काढायला मी खाली वाकले, अगदी जवळ.

गालाला काहीतरी लागलं. हलकंच. मला वाटलं पडदा. मी तशीच काम करत राहिले. ते गालावरून नाकावर आलं, मग कपाळावर, मग पापणीवर थोडा वेळ थांबलं... सावकाश. कोणीतरी काहीतरी शोधत असल्यासारखं.

मी ताडकन मागे सरले. पडदा खिडकीला चिकटून स्थिर होता. आंटीचे हात छातीवर, जपमाळेत.

डबा कसाबसा भरून मी घरी पळाले. तोंड धुवायला आरशासमोर गेले, तर माझ्या एका गालावर चार आणि दुसऱ्यावर एक, अशी बोटं उठली होती. तपकिरी.

पेटी बंद करायच्या वेळी मी लांब उभी होते. तरी दिसलं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं रंगलेली होती. मॉनिकाने आपल्या रुमालाने ती पुसली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी कोणाला सांगणार? सरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, पब्लिसिटीला चांगलं आहे.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी आंधळ्या कोळणीचा पहिला प्रयोग. संध्याकाळी सहाचा. हॉल भरला होता. आतल्या खोलीत वेन्डीला बसवून मी बेस संपवला आणि बारीक ब्रश शोधायला डब्यात हात घातला.

"ताई, हात किती गार आहेत गं तुझे," वेन्डी डोळे मिटून म्हणाली. "आणि इतकं हळू काय फिरवतेस? गुदगुल्या होतायत."

माझे दोन्ही हात डब्यात होते.

मी बोलायला हवं होतं. बाहेर तिसरी घंटा झाली. मी ब्रश उचलला आणि तिच्या ओठांच्या कडेच्या रेषा काढल्या.

पोरीने काम झकास केलं. शेवटच्या प्रवेशात मुलगा म्हणून सर स्वतः समोर गुडघ्यावर बसले. वेन्डीने त्यांच्या चेहऱ्यावर बोटं ठेवली. तालमीत अर्धं मिनिट लागायचं. त्या दिवशी ती फिरवतच राहिली. हॉलमध्ये खोकलासुद्धा ऐकू येईना. मग ती बोलली, पण आवाज तिच्यापेक्षा जाड, थकलेला.

"हा माझा नाही."

पडदा इथे पडायचा. पडायच्या आधी ती आणखी एक वाक्य बोलली. ते वहीत नव्हतं.

"ह्याचं काय करायचं ते मी बघते."

टाळ्या थांबेनात. आत आल्यावर सर तिची पाठ थोपटत होते आणि वेन्डी हवेत हात पुढे करून उभी होती.

"ताई... लाईट का घालवले?"

सगळे दिवे चालू होते.

तीन डॉक्टर झाले. डोळ्यांत काही दोष नाही, नस ठीक, मेंदू ठीक. दिसत मात्र नाही. वेन्डीची आई रडून रडून आडवी झाली. अजून दोन प्रयोग बाकी होते. सर तिच्या घरी गेले तेव्हा मी सोबत होते.

"हॉल भरलाय, तिकिटं गेलीत," ते वेन्डीला म्हणाले. "आणि आता तर तुला ॲक्टिंगसुद्धा करायला नको."

"अंकल, नको ना. मला भीती वाटते. तिथे कोणीतरी असतं..."

"भीती दिसू दे. लोकांना तेच आवडतं."

दोन्ही प्रयोगांना त्यांनी तिला दंडाला धरून स्टेजवर उभं केलं. लोक हुंदके देत होते, किती खरं करते म्हणून. आणि मेकअप मीच केला. दर वेळी ती विचारायची, "ताई, हे तुझेच हात ना?" मी म्हणायचे, "हो गं." सगळे माझेच नव्हते.

हे सगळं गेल्या सीझनचं. आता नव्या सीझनचा बोर्ड हॉलच्या दारावर लागलाय. तीन नाटकं, आणि तिन्हीत एक आंधळी आहे. सरांनी मुद्दाम तशीच निवडली. वेन्डीच्या नावावर बुकिंग होतं म्हणतात.

काल सकाळी पहिल्या नाटकाचं वाचन होतं. नाटक सरांनीच लिहिलंय, महत्त्वाचा रोलही त्यांचाच. प्रत एकच, ती त्यांच्या कपाटात कुलपात होती. वेन्डीची वाक्यं वाचून दाखवायला त्यांनी पहिलं पान उघडलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत वेन्डी बोलायला लागली. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. स्वल्पविरामासकट.

सरांनी कागद खाली ठेवला. "कोणी वाचून दाखवलं तुला?"

"अंकल," ती शांतपणे म्हणाली, "दुसऱ्या अंकापासून पुढची तुझी वाक्यं पाठ नको करूस. उगाच मेहनत जाईल."

सर हसले. दुसरं कोणीच हसलं नाही. पाणी प्यायला म्हणून ते बाहेर गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

मी कोपऱ्यात भिंतीला लागून उभी होते. आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते, मी येणार हेही कोणाला सांगितलं नव्हतं. वेन्डीने मान वळवली ती थेट माझ्याकडे.

"प्रेमाताई, मंगळवारी माझ्याकडे ये."

"ट्रायल घ्यायचीय का?" मी विचारलं. "डबा घेऊन येते..."

"डबा नको आणूस," ती म्हणाली. "ह्या वेळी मेकअप तुझा करायचाय. केस तेवढे धुऊन ये."

उद्या मंगळवार.