पॉइंटला उभी वैजू

दामोदरबुवांनी कानाशी धरलेला रेडिओ चिडून मांडीवर ठेवला. "निमकर समालोचन करतायत की जमीन मोजतायत? म्हणे 'बावीस अंश, चाळीस मीटर'!"

पाणी प्यायला सीमारेषेच्या दोरीशी आलेली वैजू हसली. कानातलं टिकलीएवढं यंत्र काढून तिनं बाबांच्या तळहातावर ठेवलं. "हा वेधक. गोलंदाजाचं मनगट, बॅटचा कोन बघून चेंडू कुठं जाणार ते आधीच ओळखतो आणि आम्हाला तिकडे सरकवतो. दर चेंडूला नवी जागा."

"मग गली, पॉइंट, थर्डमॅन?"

"जागाच ठरलेली नाही, तर नाव कशाचं घेणार?"

बुवांनी वेधक चाचपून तिच्या हातात परत दिला. दृष्टी गेली तरी त्यांचं कीर्तन थांबलं नव्हतं. "मृदंग उजवीकडे, सूर धरणारे झिलकरी मागे, हे ठाऊक असतं म्हणून मी निर्धास्त नाचतो गं. पॉइंट म्हटलं की फलंदाजासमोर वाकून उभी राहिलेली तू दिसायचीस. आज सकाळपासून एकदाही दिसली नाहीस."

शेवटच्या षटकाआधी वैजूनं वेधक खिशात टाकला. "शर्वाणीताई, हे षटक मी पॉइंटलाच उभी राहते."

"फायनल आहे बाई!" कर्णधार शर्वाणी ओरडली. मग तिनं दोरीपलीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. लहानपणापासून बुवांच्या मागे तिनं टाळ धरले होते. "राहा उभी. पण चेंडू सुटला, तर महिनाभर प्रसादाचा शिरा बंद तुझा!"

"आणि वैजयंती पॉइंटला!" निमकरांचा आवाज एकदम खुलला. खुर्चीत बुवा ताठ बसले. वैजूनं सूर मारून एक चेंडू अडवला, तेव्हा त्यांनी आपसूक विठ्ठलनामाचा गजर केला.

शेवटचा चेंडू. समोरच्यांना तीन धावा हव्या होत्या. चेंडू बॅटची कड घेऊन मागे निसटला. वैजूच्या खिशात वेधक आधीपासूनच कुजबुजत होता, "मागे, आणखी मागे." ती धावली, पण चौकार गेला.

सामना हरून मुली दोरीशी आल्या. कुणी वैजूकडे बघेना.

"थर्डमॅनला कुणी नव्हतं," बुवा हळूच म्हणाले. "वैजू वळली, धावली. दोन पावलं कमी पडली. नाही का गं?"

 शर्वाणीनं स्वतःच्या कानातला वेधक काढला, बोटांत फिरवला, परत कानाशी नेला आणि तिथंच थांबली.

"बुवा," तिनं विचारलं, "पुढच्या सामन्याला थर्डमॅनला कुणाला उभं करू?"