शनिवारचं दुखणं

"माझ्या बापाला कुणीतरी विष घालतंय!"

गुप्तहेर गौतमीताईंच्या दौंडमधल्या ऑफिसात सतीश शिरला तोच असं म्हणत. तो शिरूरला नोकरीला होता. वडील ज्ञानदेव गावी, खुटबावला एकटेच. गेल्या महिन्यात तीनदा उलट्या, तिन्ही वेळा शनिवारी.

"जेवण शेजारच्या कुशाबाई देतात. दुसरं कोण असणार?"

ताईंच्या मदतनिसाला, मल्हारीला पटलं. गौतमीताईंनी मात्र वहीत 'शनिवार' एवढंच लिहिलं.

रविवारी तिघं खुटबावला पोचले. लेकाला बघताच बाजेवरचे ज्ञानदेव उठून बसले. "आलास व्हय रं?"

कोपऱ्यात निळं प्लास्टिकचं पिंप होतं, लेबल खरवडलेलं. तहानलेल्या मल्हारीनं त्यात तांब्या बुडवला.

"त्यातलं नगं!" ज्ञानदेव आबा ओरडले. "माठातलं घ्या."

"पिंप कुठलं, आबा?" गौतमीताईंनी विचारलं.

"भंगारातलं. कुरकुंभच्या केमिकल कंपनीतलं. तितंच एकोणीस वर्सं वाचमन हुतो मी."

शेजारच्या घरी कुशाबाई तर विचारताच रडायला लागल्या. "रोज डबा देते, बाई. त्याच पातेल्यातलं मी बी खाते. मंग शनवारीच कसं बाधतं?"

"तोच तर प्रश्न आहे," गौतमीताई म्हणाल्या आणि परत येऊन आबांसमोर बसल्या.

"डब्यात विष नाही. डबा रोजचा, दुखणं शनिवारचं. विष या पिंपात आहे. आधीचं केमिकल प्लास्टिकमध्ये मुरतं, मग पाण्यात उतरतं."

"आबांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!" मल्हारी हळहळला.

"ठाऊक नसतं तर तुला अडवलं असतं? असली पिंपं त्यांनी एकोणीस वर्षं राखलीत. सतीश, तुमची सुट्टी कधी असते?"

"रविवारी. शनिवारी दुखण्याचा निरोप आला की दुसऱ्या दिवशी येतो." सतीशनं बापाकडे पाहिलं.

आबांनी मान खाली घातली. "पयल्यांदा चुकून प्यालो, शनवार हुता. दुसऱ्या दिशी पोरगं सा महिन्यांनी आलं, माझं डोस्कं मांडीवर घिऊन बसलं. मंग... शनवार आला की तांब्याभर प्यायचो."

बाहेर कुशाबाईंची शेळी ओरडत होती.

मल्हारीनं तपासणीसाठी बाटलीभर पाणी काढून घेतलं. मग पिंप उचलून बाहेर नेलं.

सतीश बापाजवळ बसला. "आबा, परत असं करायचं न्हाई. शपथ घ्या माझी."

"घेतो की," म्हातारा म्हणाला. "मंग आता तू कवा येशील?"

सतीशनं मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. एकेक रविवार तो पुढं सरकवत राहिला.