घाटातली चाळीस मिनिटं

न्यायालयात आरोपीच्या नावापाठोपाठ त्याचा स्मृतिगुण वाचून दाखवण्याची पद्धत आता रुळली होती. बळवंत शेलारचा गुण 'मंद' निघाला, तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या सुमती लोखंडेंना निकाल कळून चुकला. ज्याला आपला गुन्हा आठवत नाही, त्याला शिक्षा द्यायची नाही, असा कायदा होता.

शेलारच्या गाडीने सुमतीबाईंच्या मुलीला, ऋताला, घाटात उडवलं होतं. बावीस वर्षांची ऋता झाडांच्या नोंदी घ्यायला सायकलवरून गेली होती. शेलारने मौजेखातर स्वयंचलित यंत्रणा बंद करून गाडी स्वतः हाकली होती. कठड्यावर आदळून त्याच्याही डोक्याला मार बसला. पण तो किरकोळ, दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं. मात्र गाडीच्या कॅमेऱ्यात तो ऋताजवळ जाऊन बसलेला दिसत होता, आणि मदतीसाठी फोन केला होता चाळीस मिनिटांनी. वेळेत उपचार मिळते तर ती वाचली असती, असं डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं होतं.

पण डोक्याला बसलेल्या मारामुळे यातलं शेलारला काहीच आठवत नव्हतं. तो निर्दोष सुटला.

सुमतीबाई तीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. त्या थेट मेंदूतज्ज्ञ डॉ. मीनाक्षी कुलथेंकडे गेल्या आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली: आठवण पुसली जाते का?

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गाव जागेवर असतं, तिथं जायची वाट मोडते. ती दुरुस्त करणारं एक प्रथिन मेंदूत तयार होतं. ते किती तयार व्हावं, हे एक जनुक ठरवतं. काहींचं जनुक चलाख असतं, त्यांना महिन्याभरात सगळं आठवतं. शेलारचं मंद आहे. त्याला आपणहून कधीच आठवणार नाही."

चलाख जनुकाची प्रत मेंदूत सोडण्याच्या उपचाराला स्मृतिसिंचन म्हणत. पीडिताच्या वारसाने मागणी केली, तर न्यायालय तो उपचार सक्तीने देऊ शकत होतं, आणि आठवण परतली की सुटलेल्यावरही खटला पुन्हा चालत होता. आजवर कुणी मागणी केली नव्हती. त्याचं कारणही डॉक्टरांनी लपवलं नाही. आपल्या आठवणी काळाबरोबर झिजतात, म्हणून माणूस जगू शकतो. सिंचनाने परतलेली आठवण झिजत नाही.

"मग तर द्याच," सुमतीबाई म्हणाल्या.

न्यायालयाने त्यांची मागणी मान्य केली. सिंचनानंतर पाचव्या आठवड्यात, जेवता जेवता, शेलारच्या हातातला घास गळून पडला. न्यायालयात त्याने मान खाली घालून कबुली दिली. मुलगी गेली तर गाडी यंत्रणा नव्हे, तो स्वतः हाकत होता हे सांगायला कुणी उरणार नाही, म्हणून तो थांबला होता. फोन केला तो तिचा श्वास थांबल्यावर. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या दिवशी सुमतीबाई कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवल्या.

वर्षभराने तुरुंगातून पत्र आलं. शेलारला ती चाळीस मिनिटं दिवसातून आठ-दहा वेळा, जशीच्या तशी, भोगावी लागत होती. ती आठवण कायमची विरवून टाकणारं इंजेक्शन होतं, पण त्यासाठी वारसाची सही लागत होती.

सुमतीबाई डॉ. कुलथेंना घेऊन भेटीला गेल्या. शेलारचा सापळा झाला होता. तो रडला नाही, माफीही मागितली नाही.

"ती बोलत होती, बाई," तो म्हणाला. "तुम्हाला सांगा म्हणत होती. न्यायालयात मी ते सांगितलं नाही. तुम्ही सही करा, मग इंजेक्शनाआधी शब्दन् शब्द सांगतो."

सुमतीबाईंनी विचारलं, "खूप बोलली?"

"शेवटपर्यंत."

त्या संमतीचा कागद घेऊन बाहेर आल्या. ते शब्द दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळतील का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. मिळणार नव्हते. ते फक्त शेलारच्या डोक्यात होते, आणि तो जिवंत असेपर्यंत तिथंच राहणार होते.

 सुमतीबाईंनी कागदाची नीट घडी करून तो डॉक्टरांच्या हातात दिला. सही केलेली नव्हती.

"अहो, ऋता काय म्हणाली ते तुम्हाला कधीच कळणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"नको कळू दे," सुमतीबाई म्हणाल्या. "त्याला ऐकू दे."