रहाट थांबला की

'रहाट' हा शब्द संस्कृतातील 'अरघट्ट' या शब्दापासून आला. हल्ली विहिरीवरच्या साध्या कप्पीलाही लोक रहाट म्हणतात, म्हणून आधीच सांगतो. वसईच्या बागायती वाड्यांतला रहाट म्हणजे विहिरीच्या तोंडावर उभे केलेले लाकडी चाक, त्यावरून पाण्यात उतरणारी लोट्यांची माळ, आणि ते चाक फिरविणारे लांब आडवे लाकूड. त्या लाकडाला रेडा जुंपतात आणि त्याच्या डोळ्यांवर झापड बांधतात. आपण कुठेच पोचत नाही, हे त्याला कळू नये एवढ्यासाठी. रेडा थबकला की चाकाची कुरकुर थांबते. मालकीण दूर केळींत पाटाचे पाणी वळवीत असते. ती दर वेळी धावत येऊ शकत नाही. म्हणून विहिरीलगतच्या खोपीत कोणीतरी कान देऊन बसतो आणि आवाज थांबताच जागेवरूनच हाक देतो. रेडा पुन्हा चालू लागतो. मागे माणूस आहे, असे त्याला वाटते.

ती हाक हेच आमचे निम्म्याहून अधिक भाडे होते.

मी सात वर्षे पाठशाळेत काव्य आणि व्याकरण शिकलो आणि अखेर एका भातगिरणीत पोती मोजू लागलो. पगार बत्तीस रुपये. स्टेशनाजवळच्या खोलीला चौदा रुपये मागत, शिवाय वर पागडी. पत्नी जयवंती चार महिन्यांच्या मुलीसह माहेरी होती, आणि मेहुण्याचे पत्र आले होते : 'ताईला या महिन्यात घेऊन जावे. येथे आता जागा पुरत नाही.' मी ते पत्र खिशात घालून राजोडीच्या वाटेवरच्या वाड्या हिंडलो, तेव्हा आनंदीबाई भेटल्या. साठीच्या, एकट्या, हाताला सदैव ओली माती.

"भाडं तीन रुपये," त्या म्हणाल्या. "पण रहाट थांबला की हाक द्यायची. तुम्ही कामावर असाल तेव्हा बायकोनं. आणि उठून बघायला जायचं नाही."

"का?"

"बघायला कोणी आलं की जनावर खोळंबतं."

डोळ्यांवर झापड असलेल्या जनावराला आलेले माणूस कसे दिसेल, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही. तीन रुपये या शब्दांनी माझ्याही डोळ्यांवर झापड बांधली होती.

मार्गशीर्षात आम्ही खोपीत राहू लागलो. वाडीत नऊ वाजेपर्यंत ऊन शिरत नसे. माडांखाली पोफळी, पोफळींखाली केळी, आणि सर्वांखाली तो ओला, कुजकट, गोडसर वास. पहाटे कुरकुर सुरू होई. ती थांबली की जयवंती मुलीला पाजता पाजताच हाक देई, "होऽ, चल रेऽ!" क्षणभर शांतता, आणि पुन्हा कुरकुर. मुलगी त्या आवाजावर झोपू लागली. इतके स्वस्त सुख मी पूर्वी पाहिले नव्हते.

माघातल्या एका रविवारी मी भाडे देण्यास आनंदीबाईंच्या घराकडे निघालो. वाटेत शेजारच्या वाडीचा ॲन्सेल्म भेटला, चर्चमधल्या मिस्सेहून परतणारा, धुतलेल्या सदऱ्यातला.

"काय शास्त्रीबुवा, राजवाडा मानवला का? तीन रुपयांत तर आमच्या कोंबड्यासुद्धा राहायला तयार नाहीत!"

"तुमच्या कोंबड्यांना हाक देता येत नाही, ॲन्सेल्मभाऊ."

तो मोठ्याने हसला, आणि मग एकाएकी हसायचा थांबला. "बरं आहे," एवढेच म्हणून पुढे गेला.

आनंदीबाईंच्या अंगणात पोचलो. त्या तांदूळ निवडीत होत्या. मी तीन रुपये त्यांच्यापुढे ठेवले, आणि सहज गोठ्याकडे पाहिले. गोठ्यात रेडा बसला होता. मागचा एक पाय वाकडा, गुडघा सुजून दगडासारखा झालेला. तो संथपणे रवंथ करीत होता.

मागे, केळींच्या पलीकडे, रहाट कुरकुरत होता.

"दुसरा रेडा घेतलात?" मी विचारले.

"नाही."

"मग रहाटाला... कोण?"

आनंदीबाई सुपातला एक खडा शोधीत राहिल्या. तेवढ्यात कुरकुर थांबली. वाडीभर शांतता पसरली. मग दुरून जयवंतीचा आवाज आला, "होऽ, चल रेऽ!" आणि चाक पुन्हा फिरू लागले.

मी धावलो. त्या मागून ओरडत होत्या, "भावजी, नका... भाडं परवडतंय ना तुम्हाला? मग नका बघू!"

विहिरीवर कोणी नव्हते. आडवे लाकूड मात्र फिरत होते. सावकाश, दर फेरीत एकाच ठिकाणी किंचित अडखळत. लोटे वर येत होते, पाटात पाणी सांडत होते. रेड्याच्या खांद्याला बसावे म्हणून बांधलेले जू वर सरकविलेले होते, माणसाच्या छातीच्या उंचीला. त्याला गुंडाळलेल्या गोणपाटावर घामाचा ओला डाग होता. माझ्यासमोर तो डाग पसरत होता.

आनंदीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या कुजबुजत बोलल्या.

"धर्मा. तुमच्याआधी खोपीत राहायचा. तुमच्याच गिरणीत पोती उचलायचा. सात महिन्यांचं भाडं थकलं. दिवाळीत रेडा लंगडा झाला, तर स्वतःच म्हणाला, आनंदीबाय, मी ओढतो, त्यात फेडून घ्या. अकरा दिवस ओढलं. बाराव्या दिवशी बघते तर... रहाट चालू, आणि तो नाही. विहीर उपसली हो. काही नाही सापडलं."

"मग त्याला सांगा ना, की फिटलं!"

"रोज सांगते. माझं ऐकत नाही. खोपीतून हाक आली की तेवढं ऐकतो." त्यांनी डोळे पुसले; गालाला माती लागली. "माझी पानवेल जळेल हो पाण्यावाचून. मी काय करू?"

मी काय करावे, तेही मला कळेना. खोपीत येऊन मी हे सारे जयवंतीला सांगितले. तिने मुलीचे दुपटे सारखे केले. मग म्हणाली, "उद्या नाही हाक द्यायची."

दुसऱ्या दिवशी पहाटे रहाट थांबला. आम्ही गप्प राहिलो. पाटातले पाणी वाहून गेल्याचा आवाज आला, मग तोही बंद झाला. मग पावले. ओली, जड, एक पाऊल आणि थोडा श्वास, असे करीत ती दारापाशी आली. दार वाजले नाही. बाहेर उंबऱ्याशी कोणीतरी खाली बसले. थकलेला माणूस टेकतो तसे, गुडघे धरून... दाराखालच्या फटीतून पाण्याची एक रेघ आत येऊ लागली. ती मुलीच्या दुपट्यापर्यंत पोचली, तेव्हा जयवंतीने डोळे मिटले.

"चला, धर्माभाऊ," ती म्हणाली. "चला... उठा."

कोणीतरी उठले. पावले दूर गेली. कुरकुर सुरू झाली.

त्या दिवसापासून ती 'चल रे' म्हणाली नाही. 'चला, भाऊ' म्हणू लागली. बाकी काहीही बदलले नाही.

ही हकिकत आता वसईत सांगितली जाते, आणि दोन ठिकाणी चुकीची सांगितली जाते. लोक म्हणतात, शास्त्री त्याच रात्री भांडीकुंडी टाकून पळाला. हे खोटे आहे. आम्ही पुढे तेरा महिने तिथेच राहिलो. बत्तीस रुपयांत पळून जाण्यासारखी जागा वसईत नव्हती. तेरा महिने आम्ही रोज हाक दिली, आणि मेलेल्या माणसाच्या श्रमांवर माझी मुलगी रांगायला, मग चालायला शिकली. पुढे गिरणीत किमान मजुरीचा नवा दर लागू झाला, तेव्हा कुठे फुलपाड्याला एका ओसरीचा कुडाने आडोसा केलेला भाग अकरा रुपयांना मिळाला.

निघालो त्या सकाळी मी खोपीला कुलूप घातले आणि किल्ली आनंदीबाईंच्या हाती दिली. डोक्यावर ट्रंक घेऊन मी, मुलीला कडेवर घेऊन जयवंती बरोबर. वाडीच्या बांधापर्यंत आलो आणि मागे रहाट थांबला. आम्ही दोघेही उभे राहिलो. दोघांपैकी कोणीही तोंड उघडले नाही.

कुलूपबंद खोपीतून हाक आली. रहाट फिरू लागला.

लोक म्हणतात, ती हाक धर्माची होती. ही दुसरी चूक. मी जयवंतीच्या ओठांकडे पाहत होतो आणि ते घट्ट मिटलेले होते, म्हणून मी हे खात्रीने सांगतो. हाक होती, "चला, भाऊ." आवाज बाईचा होता.

थोडे पुढे गेल्यावर जयवंतीने माझी बाही धरली आणि हळूच विचारले, "अहो... आत्ता मी हाक दिली का?"